सुकसा

सकाळपासून मंगलाबाई तिसऱ्यांदा धानाच्या बांधीवर आल्या होत्या.

धान निघून महिना झाला होता. मागे राहिलेल्या ओलीवर लाखेच्या डाळीची लाखोरी वाढली, आणि आता तिला निळी फुलं लागली होती. पूर्ण बांधी निळी, फक्त धुऱ्यालगतची, बांधाच्या कडेची, दोन खाटा मावतील एवढी पट्टी हिरवी. लाखोरीने फूल धरलं की पाला चिवट होतो, भाजीच्या कामाचा राहत नाही. म्हणून पंधरा दिवस झाले, मंगलाबाई रोज येऊन या पट्टीतली एकेक कळी नखाने खुडून टाकत होत्या. सून रीना हसायची. मुलगा विनोद म्हणाला होता की एवढ्या मेहनतीत दुसरं पीक घेतलं असतं.

दिवाळीत नात आली होती. तृप्ती पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती. जाताना ऑटोत बसून म्हणाली, साल संपायच्या आत येतो, माझ्यासाठी कवळी लाखोरी ठेवजो. आधी नाताळाला येणार होती, मग एकोणतीसला. आज एकतीस तारीख होती आणि दुपारच्या गाडीने ती येणार होती.

शेजारच्या बांधीत चिंधू फावड्याने धुरा साफ करत होता. त्याने मान वर केली.

"जयभीम काकी. कायले त्या फुलाच्या मागं लागून राहिल्या?"

"जयभीम. नात येऊन राहिली माझी."

"परवा बी येऊन राहिली होती." तो हसला. मग फावडं टेकवून म्हणाला, "ओल सरत आली काकी. आता फूल नाही येऊ दिलं त शेंग धरत नाही. साल का तुमच्यासाठी थांबते?"

मंगलाबाई परत पट्टीकडे वळल्या. हाताला लागल्या तेवढ्या कळ्या खुडल्या आणि घरी आल्या. लसूण-मिरची सकाळीच कुटून ठेवली होती, तरी झाकण काढून पाहिली. पाणी प्यायला बसल्या आणि न पिताच उठल्या. रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. गाडी आली, दोन शाळेच्या पोरी उतरल्या, गाडी गेली.

रीनाचा फोन वाजला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. रीनाने आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला. तृप्ती घाईघाईने सांगत होती. दोघी जणी सुट्टीवर गेल्या, वॉर्डात हीच उरली, आता संक्रांत झाल्यावरच जमेल. मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"आजी, भाजी ठेवली ना माझ्यासाठी?"

"ठेवली."

"मी येईपर्यंत राहील ना?"

मंगलाबाईंनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. "तू ये," म्हणाल्या.

फोन ठेवताच त्या चौथ्यांदा बांधीवर गेल्या. संक्रांतीनंतर म्हणजे अजून पंधरा दिवस. इतके दिवस कळ्या खुडल्या तर पट्टी वांझ जाणार, नाही खुडल्या तर पाला जून होणार. सकाळी साफ केलेल्या शेंड्यांवर नजर टाकली, तर पानांच्या बगलेत निळं परत डोकावत होतं. कितीही बारीक पाहिलं तरी चार निसटतातच. त्या धुऱ्यावर नुसत्या बसून राहिल्या. मग पदर खोचला आणि दोन्ही हातांनी शेंडे खुडायला सुरुवात केली. कळीसकट, पानासकट, मुठीच्या मुठी. खालचे फुटवे तेवढे राहू दिले, आता फुलतील तर फुलोत. चिंधू फावडं टेकवून पाहत राहिला.

अंगणात खाट टाकली, तिच्यावर जुनं लुगडं अंथरलं आणि ओच्यातला पाला त्यावर पसरला. चार दिवसांच्या उन्हात त्याचा सुकसा होणार होता. वाळवलेला पाला डब्यात भरला की वर्षभर टिकतो.

पसरता पसरता त्यांचा हात थांबला.

त्यांचं माहेर बपेऱ्याचं. सासरचं सारं आवरून माहेरी पोहोचायला त्यांना दरसाल पौष महिना सरायचा. आई शिंक्यावरून कापडाची पोटली काढून द्यायची. पोटलीत सुकसा. मंगलाबाईंना राग यायचा. भावजयांनी महिनाभर कवळी लाखोरी खाल्ली आणि आपल्या वाट्याला वाळका पाला. त्यात काळपट निळे कण असायचे. आईले आता दिसत नाही, पाल्यासंगं फुलं बी खुडते, असं मनात म्हणत त्या सासरी येऊन ते कण वेचून टाकायच्या. पोटली देताना आई दरसाल एकच बोलायची, "यंदा उशीर झाला तुले." त्या बोलण्याचाही त्यांना तेव्हा राग यायचा. आता समोरच्या खाटेवर तेच निळे कण होते.

रीना खाटेशी येऊन बसली. पाल्यात बोटं फिरवून तिने दोन-तीन कळ्या वेगळ्या काढल्या.

"आई, हे निळं वेचून टाकतो मी. तृप्तीले नाही आवडणार."

मंगलाबाईंनी तिचा हात धरला. तिच्या तळव्यावरच्या कळ्या उचलून पाल्यात परत टाकल्या आणि पाला सारखा केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिले वेचू दे."