सुटकेचं यान

"तीन वर्षं अंतराळात अडकलेल्या कप्तानाला सुटकेचं यान दिसतंय, काका! डास दिसल्यासारखं काय बघताय?" दिग्दर्शिका युस्लेनी नवव्यांदा वैतागली. एवेलिओकाकांनी पुठ्ठ्याचं शिरस्त्राण काढून घाम पुसला. "हवानात दोन दिवस वीज नाही, पाणी नाही. आनंद कुठून आणू, पोरी?" संध्याकाळच्या विमानाने ते कायमचे लेकीकडे माद्रिदला निघणार होते, प्रसंग आत्ताच संपवायला हवा होता. मी कॅमेरा चालू करून खांद्यावर घेतला. तेवढ्यात गल्लीभर आरोळी उठली, "आली! वीज आली!" अंड्यांच्या ट्रेंनी मढवलेल्या यानात काका उड्या मारत रडायलाच लागले. "आली रे, आली!" "हेच हवं होतं!" युस्लेनी किंचाळली. "घेतलंस ना?" चित्रफितीत काकांचा हुंदका ऐकू येतो. दिसतो मात्र जिना, माझे धावणारे पाय आणि वीज पुन्हा जायच्या आत पाण्याची मोटर चालू करणारं बोट.