उसनी चाल

चर्चमध्ये साडूभाऊ तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसलेले दिसले आणि ऑर्गनवर बसलेले टेलरमास्तर गाण्याची वही उघडायचीच विसरले.

साडूभाऊंची जागा बाकावर नव्हतीच. ती ऑर्गनच्या मागे होती, लाकडी पडद्याआड, भात्याच्या दांड्याशी. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. लग्न झाल्यापासून दोघे साडू चर्चमध्ये असेच असायचे, एक पुढे, एक मागे. कुलपं दुरुस्त करणारे साडूभाऊ दांडा मारून भात्यात हवा भरायचे, तेव्हा कुठे मास्तरांच्या बोटांना आवाज फुटायचा. मी हात आखडला की तू मुका, असं साडूभाऊ चिडवायचे. आणि मी बोटं उचलली की तू नुसता लोहार, असं मास्तर परतवायचे. बहिणी म्हणायच्या, यांचं लग्न चुकून आमच्याशी झालं.

मग निवडणूक आली आणि घर मधोमध उसवलं. मास्तर एका बाजूला, साडूभाऊ डॉक्टरीणबाईंच्या बाजूला. बाई याच चर्चच्या मंडळीतल्या. दवाखाना सांभाळून उभ्या राहिलेल्या. त्यांचा लाउडस्पीकर खांद्यावर घेऊन साडूभाऊ गल्लोगल्ली हिंडले.

एवढ्यावर भागलं असतं. पण मास्तरांच्या पक्षाला गाणं हवं होतं, तेही घाईने. नवी चाल शोधायला मास्तरांना सवड नव्हती. दर रविवारी मंडळी जी चाल गाते तीच त्यांनी उचलली आणि तिच्यावर बाईंची टिंगल बसवली.

गोड गोळी, कडू बोली, बाईंची ही रिकामी झोळी.

गाणं वाऱ्यासारखं पसरलं. शाळेतली पोरं दवाखान्यासमोर थांबून म्हणायला लागली. मास्तरांची पाठ थोपटून थोपटून दुखायची वेळ आली. शेवटी बाई पडल्या. निकालाच्या संध्याकाळी साडूभाऊ दुकानाच्या पायरीवर आले, वर चढले नाहीत.

"ज्या चालीवर तू माणसाची अब्रू काढलीस, तिच्यात मी हवा भरणार नाही," ते म्हणाले आणि निघून गेले. मास्तर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. ते माप त्यांना दोनदा घ्यावं लागलं.

म्हणून आज साडूभाऊ बाकावर. त्यांच्या पुढची डॉक्टरीणबाईंची नेहमीची जागा रिकामी. तोंड लपवून बसली असेल घरात, कोणीतरी कुजबुजलं. मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ऑर्गनच्या कडेला दोरीला शिशाचं एक वजन लोंबत असे. भाता भरला की ते खाली यायचं, रिता झाला की वर चढायचं. मास्तरांनी भीतभीत तिकडे पाहिलं. वजन खाली येत होतं.

पाळकसाहेबांनी कोणाला तरी उभं केलेलं दिसतंय, मास्तरांनी मनाशी म्हटलं. हात नवखा होता. भाता धक्के खात भरत होता, वजन मध्येच उडी मारायचं, सूर म्हाताऱ्यासारखा थरथरायचा. हळूहळू हात बसला. पडद्याआडून धापा ऐकू येत होत्या, पण दांडा थांबला नाही.

पाळकसाहेबांचं प्रवचन म्हणजे निम्मं गाणंच. एक ओळ गायची, तिचा अर्थ उलगडायचा, की पुन्हा गायचं. ऑर्गन सावलीसारखा मागे मागे. ऐकताना जडातलं जड माणूस हलकं व्हायचं. आज विषय होता, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो.

"बाराही जणांचे धुतले," गाता गाता थांबून पाळकसाहेब म्हणाले. "जो त्याच रात्री त्याला विकायला निघणार होता, त्याचेही. पाणी तेच, रुमाल तोच."

आणि त्यांनी मंडळीच्या गाण्यासाठी मान हलवली.

मास्तरांनी चाल धरली. एक भाकर, एक पेला, एका प्रभूचा आम्हां लळा. पहिली ओळ संपते न संपते तोच मागच्या बाकावर कोणीतरी 'गोड गोळी' पुटपुटलं. खसखस पिकली. ती बाकाबाकावरून पुढे सरकली. गाणारे ओठ मुडपून हसू दाबू लागले. साडूभाऊ उठले आणि दाराकडे चालू लागले.

मास्तरांची बोटं आपोआप उचलली गेली. सूर तुटला. ही चाल गेली, त्यांना वाटलं. आपण ती बाजारात नेऊन बाटवली. आता ती या छताखाली कोणी कधी सरळ मनाने गाणार नाही, आणि वाजवायला आपलं तर तोंडही उरलं नाही.

ऐकू येत होती ती फक्त दांड्याची कुरकुर. वजन सावकाश खाली येत होतं. पडद्याआड कोणीतरी भाता काठोकाठ भरत होतं.

"वाजवा, मास्तर," आतून एक घोगरा आवाज आला. "चाल देवाघरची आहे. तुम्ही चार दिवस उसनी नेली होती, एवढंच."

साडूभाऊ दाराशी थबकले. महिनाभर लाउडस्पीकर त्यांनीच वाहिला होता. बोलून बोलून बसलेला डॉक्टरीणबाईंचा आवाज ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार? ते वळले आणि मधल्या वाटेने सरळ पडद्याआड गेले.

मास्तरांनी पहिल्यापासून चाल धरली. मंडळी उभी राहिली आणि गायली. डोळे पुसायला मास्तरांना हात मोकळा नव्हता.