उत्तराची ओळ

"छापायच्या आधी हे वाचलं कोणी?"

केशोराव सरांनी जर्नल टेबलावर ठेवलं. गोंदियाच्या कॉलेजात मराठीची एकच कायम जागा निघाली होती आणि सात वर्षं आमगावला तासिकेवर शिकवणारी स्नेहल समितीपुढे खुर्चीच्या काठावर बसली होती.

"दोन तज्ज्ञांनी, सर. एकही दुरुस्ती नाही म्हणाले."

"किती दिवसांत?"

"तीन."

"आणि फी?"

"चार हजार."

शेजारचे साहेब हसले. "सबका यही है, सर. गुण लावा नि आगे चलिए."

स्नेहलही हसली. खोटं काय होतं त्यात? दोन वर्षांपूर्वी, जागा आज निघते की उद्या अशी आवई उठली होती. छापील शोधनिबंधाशिवाय गुण नाहीत, गुणांशिवाय मुलाखत नाही. मग तिने सौंदडला जाऊन मायपुढे मोबाईल धरला. अनुसयाबाईचं उभं आयुष्य लोकांच्या बांध्यांमध्ये धान रोवण्यात गेलेलं. कमरेत वाकलेली बाई, पण गळा कसा ताठ. एका दुपारात तिने रोवणीची दहा गाणी म्हटली. स्नेहलने कानात वायर घालून शब्द न् शब्द उतरवला, ऱ्हस्व-दीर्घ तपासले, झाडीबोलीचे शब्द अधोरेखित केले आणि जर्नलकडे पाठवून दिलं. गेल्या माघात माय गेली. नागपूरला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

केशोराव सर पुढे सरकेनात. तेही धानाच्याच मुलखातले.

"मॅडम, तुम्हीच लिहिलंय इथं. घरात जे सांगता येत नाही, ते बाई चिखलात उभी राहून गाते. मग शेजारची बाई ओळीनंच तिला उत्तर देते. उत्तर आल्याशिवाय गाणारी रोपांची पुढची पेंडी हाती घेत नाही. खरं आहे हे. माझी मायही रोवणीला जायची." त्यांनी पान उलटलं. "नववं गाणं वाचा जरा. मोठ्यानं."

स्नेहलने वाचलं. सवयीने चालीवरच वाचलं.

"बांधीत रोवला धान बाई, चिखलात रुतला पाय,
छातीत गाठ सुपारीएवढी, लेकीले सांगू काय."

वरचा पंखा फिरत होता. साहेबांचं हसू थांबलं.

"ह्या बाई," केशोराव सरांनी हलकेच विचारलं, "आता कशा आहेत?"

स्नेहलला ती दुपार दिसली. नववं गाणं झालं तशी माय थांबली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिच्याकडे बघत राहिली होती, बराच वेळ. आणि मोबाईलवरची नजर न काढता स्नेहल म्हणाली होती, "वा माय, मस्त झाला! आता दहावा म्हन."

माय जराशी हसली होती. मग तिने दहावं म्हटलं.

नागपूरचा डॉक्टर खेकसला होता, "बाई, इतके दिवस काऊन नाही सांगितलं घरी?" खाटेवरून माय पुटपुटली होती, "सांगतलं होतं ना, बापा." तेव्हा तिच्या डोईवरून हात फिरवत स्नेहलनेच म्हटलं होतं, "तिला आता काही आठवत नाही, डॉक्टर."

"मॅडम?"

तिने पानावर नजर खाली नेली. नवव्या गाण्याखाली, बारीक अक्षरात, तिनेच दिलेली टीप होती :

'उत्तराची ओळ उपलब्ध झाली नाही.'