दोघांची साखर

‘तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का?’ हे घरी विचारून दाखवच, असं मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. मीही कमी नाही! रविवारी सॉर्बेसाठी, म्हणजे बिनदुधाच्या आइस्क्रीमसाठी, लिंबं पिळता पिळता विचारून टाकलं.

‘काहीतरीच काय!’ आई-बाबा एका सुरात म्हणाले, पण दोघंही माझ्याकडे बघून. मग नेहमीचं सुरू झालं.

‘बाबांना सांग, पुदिना निवडून झाला असेल तर द्या म्हणावं.’

‘आईला सांग, देतोय. जरा दम धर म्हणावं.’

ओट्यापाशी दोघांमध्ये हातभर अंतर, आणि त्या हातभर जागेत मी उभी! महिनाभर हेच चाललंय. निरोप वाहून वाहून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते.

डबा फ्रीझरमध्ये ठेवला, पुन्हा पुन्हा काट्याने ढवळला, पण संध्याकाळ झाली तरी सॉर्बे काही गोठेना. शेवटी चमचाभर चाखलं, तर गोडमिट्ट! साखर जास्त झाली की ते गोठत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

‘पाकात साखर कोणी घातली?’

‘मी,’ आई म्हणाली.

‘मी,’ बाबाही म्हणाले.

आणि दोघंही पुन्हा माझ्याकडेच बघायला लागले.



‘आई, बाबा, मी दमलेय,’ मी म्हटलं. ‘आजपासून या घरातलं पोस्ट ऑफिस बंद. यापुढे मी फक्त तुमची मुलगी.’