आधी खाऊन घे

हडपसर: मी दोन पोहे सांगितले. "आधी खाऊन घे," मी दोनदा म्हणाले. तारानं तिची प्लेट माझ्याकडे सरकवली आणि टपरीवाल्यापुढे नवऱ्याचा फोटो धरला. "यांना कुठं बघितलंत का हो? तीन दिवस झाले, घरी आले नाहीत."

(पहाटे आमच्या ह्यांचा फोन आला होता. ताराचा नवरा नदीत सापडला, ह्यांनीच ओळखला. "तिच्या पोटात आधी काहीतरी जाऊ दे, मग सांग. पुढं तिच्या घरी चूल पेटायची नाही.")

स्वारगेट: मी केळी घेतली. रिक्षाला हात केला, तो तिनं खाली ओढला. "चालतच जायचं, नले. विचारत विचारत."

डेक्कन: मिसळ गार झाली. "खा ना गं दोन घास," मी म्हणाले.

"तू काय सासू आहेस माझी?" ती हसली आणि उठून पुढच्या दुकानात शिरली.

खडकी: दिवस मावळला. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली आणि आपणहून म्हणाली, "दे ते केळं."

सावकाश, शेवटपर्यंत खाल्लं. साल पिशवीत ठेवली.

"बाबा गेले, तेव्हा मीही आईला असंच आधी जेवू घातलं होतं. सकाळी पोह्यांचा आग्रह केलास ना, तेव्हाच ओळखलं." तिनं फोटो मांडीवर पालथा ठेवला. "झालं माझं खाऊन. आता सांग."