वासावरचा भात

जिन्याच्या शेवटच्या वळणावर तिला गॅसचा वास आला. आधी वाटलं, शेजारच्यांकडचा असेल. पण वर जावं तसा तो दाट होत गेला आणि स्वतःच्या दारापाशी पोचल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानातली वायर जळाली म्हणून मालकाने आज सगळ्यांना लवकर सोडलं होतं. घरात बाबा होते आणि छोटी होती. छोटी म्हणजे तिची लेक, अजून नीट बसताही न येणारी. या वेळी ती आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर झोपलेली असे. गॅस खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, हे तिला कुठेतरी वाचलेलं आठवलं.

तिचं बोट सवयीने घंटीकडे गेलं होतं. बटणाला टेकता टेकता तिने ते मागे घेतलं. एक ठिणगी पुरली असती. तिने पर्समधून किल्ली काढली आणि पर्स दाराशीच टाकली.

दार उघडलं तसा भपकारा तोंडावर आला. स्वयंपाकघरात बाबा पाठमोरे उभे होते. ओट्यावर राईस कुकर मांडलेला होता. तिनेच हौसेने आणलेला तो कुकर इतके दिवस खोक्यातच पडून होता. बाबांची उभी हयात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली होती. भात शिजला की नाही, हे ते पलीकडच्या खोलीत बसून नुसत्या वासावर सांगत. कुकर आणला तेव्हा म्हणाले होते, यात भात होत नाही, तांदळाला डांबून ठेवल्यासारखं होतं. आज मात्र त्यांनी कुकरची पिन लावली होती आणि त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे चालला होता.

ती किंचाळणारच होती. पण किंचाळलं तर ते दचकतील आणि बटण दाबलं जाईल.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "बटणाला हात लावू नका."

बाबा वळले. चेहरा नेहमीचाच, जरा ओशाळलेला. सिलिंडर मध्येच संपला, ते सांगू लागले. छोटी कुरकुरली म्हणून तिला थोपटायला आत गेलो, परत येतो तर शेगडी विझलेली, भात अर्धाकच्चा. म्हटलं, आज तुझं यंत्र वापरून बघू.

ती त्यांना ओलांडून पुढे झाली. भाताचं पाणी उतू जाऊन बर्नर भिजला होता आणि शेगडीचा नॉब पूर्ण उघडा होता. तिने तो बंद केला, रेग्युलेटर बंद केला, खिडकी ढकलली. बाहेर जा, कशालाही हात न लावता खाली जा, एवढंच बाबांना सांगितलं आणि आत धावली.

छोटी गादीवर निपचित पडली होती. उचलली तशी तिची मान खांद्यावर कलंडली. जिना कसा उतरला ते तिला कळलं नाही. खाली उघड्यावर आल्यावर तिने छोटीच्या तळपायावर टिचकी मारली. काहीच नाही. तिने पुन्हा मारली, जोरात. छोटीच्या कपाळाला आठी पडली, ओठ वाकडे झाले आणि तिने भोकाड पसरलं. तिला छातीशी घट्ट धरून ती पायरीवर बसली.

बाबा मागोमाग आले होते. काय झालं, ते विचारत होते. पुन्हा पुन्हा तेच.

"एवढा वास सुटलाय बाबा, जिन्यापर्यंत आलाय."

"कसला?"

तिने मान वर केली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वरच्या उघड्या खिडकीकडे. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. तो सोडला आणि पुन्हा घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

मग ते खालच्या आवाजात बोलले. मागे ताप आला होता, तेव्हापासून नाकाला काही कळत नाही. फोडणी नाही, साबण नाही, छोटीच्या टाळूचं तेलसुद्धा नाही. येईल परत, येईल परत, असं रोज वाटायचं. भात ते आता झाकण काढकाढून बघत होते, ती घरात नसताना.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं," बाबा म्हणाले, "तर हिला माझ्यापाशी ठेवून गेली असतीस?"

तळमजल्यावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं, ते निम्मं तिच्या अंगावर सांडलं. छोटीचं रडणं ओसरलं होतं. ओठांचा रंग ठीक दिसत होता. तरी डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता दाखवायला हवं होतं, आणि पर्स तर वर दाराशीच पडली होती.

"धरा हिला, मी पर्स घेऊन येते," असं म्हणून तिने छोटीला बाबांपुढे केलं. छोटी नेहमीसारखी त्यांच्याकडे झेपावली.

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बाबा, आपण बाहेर आहोत."

"हो," बाबा म्हणाले. त्यांचे हात मागेच राहिले.