आबांचा रेडिओ

"पाहाटीच गेले," गोजरबाई म्हणाली आणि तिनं रेडिओ ओसरीवर निवृत्तीपुढं ठेवला.

"सेल?" निवृत्तीनं विचारलं.

तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "हाव. सेलच."

अमडापूरच्या बाजारात निवृत्तीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भर उन्हात गोजरबाईचा नवरा, हिंमतराव, बैलगाडी जुंपून त्याला न्यायला आला होता. लेकीचं, रुख्मिणीचं लगीन आज गोरज मुहूर्तावर, आणि बाप रेडिओपायी दोन कोस धावला, म्हणून निवृत्तीनं वाटेत थट्टा करून पाहिली. हिंमतराव वाटभर नुसता बैल हाकत राहिला. त्याला दारात उतरवून तसाच वऱ्हाडाला सामोरा गेला. वऱ्हाड बीबी गावचं होतं.

या गावात रेडिओ एकच, हिंमतरावाच्या वडलांचा, उत्तमराव आबांचा. वीज अजून आली नव्हती. पेटीएवढा रेडिओ मोठ्या सेलवर चाले. सांजच्या बातम्या आबा इतक्या मोठ्यानं लावत की गल्लीच्या टोकाच्या बाया त्या आवाजावर चुली पेटवत.

"लवकर कर बे निवृत्ती," मांडवातून पुंजाजी आचारी ओरडला. "मागं एक सांज रेडिओ मुका राह्यला, तं आबाले काय झालं म्हनून अर्धी गल्ली घरात घुसली होती. आबानं काठी घेऊन हाकललं सगळ्याईले."

मांडव हसला. गोजरबाई हसली नाही.

"आबाले ताप हाये," ती निवृत्तीला म्हणाली. "मांडवात नाही येनार, आतूनच लगीन आयकतील. रेडिओ तेवढा वाजला पाहिजे, भाऊ. वऱ्हाड यायच्या आंधी."

निवृत्तीची रीत ठरलेली. सेलमधला जीव कुठवर पोचतो ते पाहत जायचं, आणि जिथं थांबला तिथं बोट ठेवायचं. त्यानं मागचं झाकण काढलं. सेलच्या तारा सोडवून त्यांना छोटा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला.

"सेल तं ताजे हायेत, वहिनी. तुमी म्हनता गेले."

"मले काय समजते त्यातलं?"

काचेच्या नळ्या त्यानं एकेक करून काढल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या, पुन्हा बसवल्या. रेडिओ मुकाच.

"पडला होता का?"

"आबाचा हात लागला. फळीवरून खाली आला."

"अन् आवाजाचं बटन कुठी गेलं?" बटणाच्या जागी नुसती दांडी उरली होती.

"आबाजवळ हाये."

ती आत गेली. दार मागं लोटून घेतलं. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा कपाळ घामानं डबडबलं होतं. तिनं बटण त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मूठ सोडतच नव्हते," ती म्हणाली.

"जपतात हो आबा रेडिओले," निवृत्ती हसला आणि बटण खिशात टाकलं.

तेवढ्यात हळदीच्या अंगानं रुख्मिणी ओसरीवर आली. "आई, आबा उठले का वं? पाया पडाचं होतं."

"निजू दे त्याईले. हळदीच्या अंगानं आजारी मानसाजवळ जाऊ नये."

"हे कोनं सांगतलं?"

"म्या सांगतलं. जाय."

पोर गेली. गोजरबाई तिच्या पाठीकडं पाहत राहिली. मागच्या साली अशीच हळद लागली होती. ऐन दिवशी नवरदेवाच्या घरी, सोनाळ्याला, म्हातारी वारली. सुतक फिटलं, पण ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हापासून विहिरीवर रुख्मिणी आली की पांढऱ्या पायाची म्हणून बाया आपापली घागर उचलून वाटेला लागत. बीबीचं हे स्थळ फार उंबरठे झिजवून मिळालं होतं.

"सापडलं," निवृत्ती म्हणाला. दांडीच्या मागचा डाख, तार धरून ठेवणारा कथलाचा थेंब, उकलला होता. केसाएवढी फट. "एवढ्याशा फटीनं सारं बंद. सळई तापवा लागंल. चूल पेटली हाये ना?"

"नाही पेटवली आज."

लगीनघरात थंड चूल. निवृत्तीनं मान वर केली.

"रांधनं समदं मांडवात हाये," गोजरबाई घाईनं म्हणाली. "तिकडं तापवा ना."

पुंजाजीच्या चुलवणात सळई लाल झाली. निवृत्तीनं डाख दिला, तारा जोडल्या आणि पकडीनं दांडी फिरवली. आधी नुसती खरखर. मग खोल विहिरीतून यावा तसा एका माणसाचा आवाज वर वर येत गेला.

वेशीकडून वाजंत्री ऐकू आली.

गोजरबाईनं झाकणसुद्धा लावू दिलं नाही. रेडिओ बंद करवून घेतला आणि लेकरू उचलावं तसा छातीशी उचलला.

"छपरावरच्या एरियलची तार आत हाये ना? मी जोडून देतो."

"नोको. मले येते जोडता."

दार लागलं. जराशानं आतून रेडिओ बोलू लागला.

"उठले आबा," पुंजाजी मांडवातून म्हणाला. गल्लीतली माणसं निर्धास्तपणे वऱ्हाडाकडं वळली.

निवृत्ती हत्यारं आवरू लागला तेव्हा बटण खिशातच सापडलं. ते हातात घेऊन त्यानं दार हळूच ढकललं.

खाट भिंतीला उभी लावली होती. सारवलेल्या भुईवर आबा, तोंडावरून पांघरूण ओढलेले. उशाशी कणकेचा दिवा. शेजारी रेडिओ, आणि त्याला चिकटून बसलेली गोजरबाई, तोंडात पदराचा बोळा दाबून. तिनं निवृत्तीच्या हातातलं बटण पाहिलं. बोळा काढला.

"आवाज आनखी मोठा होते का, भाऊ?" ती म्हणाली. "मले रडाचं हाये."